अकराव्या महिन्याचं दूध

आधीच सांगते, भाड्याच्या घरात राहायचा मला राग न्हाय. बावीस वर्सं बेळगावात भाड्यानंच काढली. माझा राग हाय तो अकराव्या महिन्याच्या दुधावर.

आमचा मालक मारुतीअण्णा. वडगावच्या पुढं, येळ्ळूर रस्त्याच्या अंगाला त्याचा कंपौंड. म्होरं त्याचं दोन मजली घर, मागं आमच्या दोन खोल्या, मधी दहा-बारा पावलांचं अंगण. करार अकरा महिन्यांचा. तो सगळीकडंच तसला असतोय, त्याबद्दल माझं काय म्हणणं न्हाय. पण आमच्या मालकानं त्याला आपलं एक शेपूट लावलंय. अकरा महिने भरले की एक दिवस आणि एक रात घर रिकामं करून द्यायचं. गॅस बाहेर, अंथरूण बाहेर, देव बाहेर, माझी शिलाईची मशीन बाहेर. किल्ली त्याच्या हातात. मग हा बाबा आपली शेगडी घेऊन आत जाणार, पातेलंभर दूध उतू घालणार, जणू आजच वास्तुशांत केली, रिकाम्या खोल्यांचा मोबाईलवर व्हिडिओ काढणार आणि रातभर आत झोपणार. दुसऱ्या दिवशी नवा करार. मग आम्ही परत आत.

का? तर भाडेकरू सलग राहिला की त्याचा ताबा होतोय आणि घराला कूळ लागतंय म्हणे.

पाच वेळा मी हे निमूट केलं. माझा नवरा परशराम गोव्याला हॉटेलात कामाला, महिन्यातनं एकदा येतोय. त्यामुळं उचल-ठेव सगळी माझीच. मशीन अंगणात प्लास्टिक घालून ठेवायची, देव पिशवीत घ्यायचे आणि कडोलीला भावाकडं एक रात जाऊन पडायचं. भाऊ विचारायचा, "अक्काताई, आज कसं काय?" मी म्हणायचे, "सहज, तुला बघावं म्हणून आले." लाज वाटायची ओ. बावन्न वर्सांची बाई देव पिशवीत घालून हिंडतीया, हे कुठल्या तोंडानं सांगू?

ह्या वर्षी सहावी खेप. आणि ह्या वर्षी माझी लेक सौम्या पहिल्या बाळंतपणाला आलती.

सिझर झालं. मुलगी झाली, दोन किलोला थोडी कमीच. सौम्याचे टाके पिकले, एकदा परत दवाखान्यात नेऊन साफ करून आणले. डॉक्टरीणबाईनं बजावून सांगितलं, महिनाभर गाडीत बसायचं न्हाय, पायऱ्या न्हाईत, वजन न्हाय, आणि बाळाला वारं लागू द्यायचं न्हाय. आतल्या खोलीत खिडक्यांना गोधड्या बांधल्या, बाजेखाली शेगडी ठेवली, वेखंडाचा धूर केला. आणि करार बघितला तर अकरा महिने भरत होते बाळाच्या नवव्या दिवशी.

मी दोन दिवस आधीच मारुतीअण्णाकडं गेले. म्हटलं माणूस हाय, सांगितलं तर समजंल.

"अण्णा, ह्या वेळचं ते दुधाचं सव्वा महिना पुढं ढकला. लेक बाळंतीण हाय."

तो पेपर वाचत होता. पेपरातनं मान वर न काढताच म्हणाला, "तारीख ती तारीख, अक्काताई."

"अवो, टाके पिकलेत तिचे."

"मग सासरी पाठवा की. संकेश्वर काय लांब हाय?"

"पयलं बाळंतपण माहेरी असतंय हे मी तुम्हाला सांगू? आणि गाडीत बसवायचं न्हाय म्हटलंय डॉक्टरनं. संकेश्वर न्हाय, कडोली बी जमायचं न्हाय."

"एक रातीचा तर प्रश्न हाय."

"मग तुमचा बी एक रातीचाच हाय की! एक वर्स न्हाय घातलं दूध उतू तर काय घर पडतंय?"

तवा त्यानं पेपर खाली ठेवला. मला वाटलं विरघळला. कसला विरघळतोय! म्हणाला, "बाळंतीण हाय म्हणूनच सांगालोय. ह्या वर्षी तर सोडायचंच न्हाय."

मला कळंना हा असं का बोलतोय. बाळंतीण हाय म्हणून कुणी दया करतंय, हा म्हणतोय म्हणूनच बाहेर काढायचं! मी म्हटलं, "कागद आणा. ह्या घरावर माझा काय हक्क न्हाय, कधी सांगणार न्हाय, असं लिवा. सही करते. नवऱ्याची आणते, जावयाची आणते, तान्ह्या पोरीचा पायाचा ठसा देऊ का? मला तुमचं घर नको ओ, मला फकस्त माझी लेक हलवायची न्हाय."

"कागदाचं मला सांगू नका," तो म्हणाला. "माझ्या बापानं बी दिलते असले अंगठे."

मी शेवटचं काढलं. "घरात सोयर हाय. दहा दिवस. सोयरीच्या घरात तुम्ही दूध उतू घालणार? देवाला तरी भ्या."

"सोयर तुमची," तो म्हणाला. "तुम्ही बाहेर गेला की सोयर तुमच्यासंगं गेली."

बघा की! असल्या माणसाशी काय बोलायचं?

त्याच दिवशी संध्याकाळी त्रिशला वकीलबाई ब्लाऊज न्यायला आली. मूळची बोरगावची, बेळगावच्या कोर्टात प्रॅक्टिस करती, चार वर्सं माझ्याकडंच शिवती. हुक लावता लावता मी तिला सगळं सांगितलं. ती आधी हसली. मग माझं तोंड बघून पिशवी खाली ठेवून बसली.

"अक्काताई, कूळ कायदा शेतजमिनीचा. राहत्या घराचा भाडेकरू कूळ होत नाही. तुम्ही एक रात्र बाहेर झोपलात म्हणून त्याचा काही फायदा नाही आणि नाही झोपलात म्हणून काही तोटा नाही. त्या दुधाला कायद्यात काही अर्थच नाही."

सहा वर्सं. पाच वेळा मशीन उचलून कंबर धरली माझी. एकदा तापानं फणफणलेली असताना बसमधनं कडोलीला गेलते. आणि त्याला अर्थच न्हाय?

"मग त्याला पोलीस काय म्हणणार न्हाईत?"

"नोटीस दिल्याशिवाय तो तुम्हाला काढू शकत नाही. पाणी, लाईट बंद करू शकत नाही. पण त्यासाठी कोर्टात जावं लागणार, अर्ज, तारखा. तुमची नात शाळेत जायला लागेल तोवर." ती पिशवी उचलता उचलता म्हणाली, "भाड्याच्या घरांचा नवा नमुना कायदा दिल्लीनं करून ठेवलाय. लेखी करार, ठरावीक डिपॉझिट, तक्रार ऐकायला जवळच अधिकारी, तिथं महिन्या-दोन महिन्यांत निकाल. राज्यांनी घ्यायचा की नाही, हे राज्यांवर."

"मग माझ्या लेकीनं टाके कवा पिकवायचे, हे पण राज्यांनीच सांगावं," मी म्हटलं. तिचा काय दोष? पण माझा जीव जळत होता, समोर ती होती, तिलाच बोलले.

तिनं सांगितलेलं सगळं मी जाऊन मारुतीअण्णाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "आज न्हाय तसला कायदा. उद्या आला तर? माझ्या बापाला तरी कोण म्हणालतं जमीन मिळंल म्हणून?"

ह्या बापाचं काय, ते मला त्याच्या आईकडनं कळलं.

लक्ष्मीबाई, पंचाहत्तरीची. कणखर बाई. आठव्या दिवशी सकाळी काठी टेकत आली, बाळाला बघायला. डिंकाचे दोन लाडू आणलेले. उंबऱ्याच्या आत आली न्हाय, सोयर म्हणून उंबऱ्यावरच बसली. सौम्याकडं बघून म्हणाली, "शेकालासा न्हवं? पोट बांधा गं घट्ट." मला बरं वाटलं. मी चहा टाकला.

मग ती आपणहून सांगाया लागली. "हा मारुती असाच झाला, चौऱ्याहत्तर साली. ही सगळी जागा तवा शेत. मालक दुसरा, आम्ही कुळं. शेतात आमची खोप. कायदा आला, कसंल त्याची जमीन. फॉर्म सात भरायचा, आणि साहेब बघाया येणार, जमिनीवर कोण हाय म्हणून. मालकानं काय केलं? साहेब यायच्या आधी चार गडी पाठवले. खोप रिकामी करा, भांडी बाहेर टाका, इथं कोण न्हवतंच असं दाखवा. मारुतीच्या बापानं तर आधीच अंगठा दिलता, माझा हक्क न्हाय म्हणून. तो कडंला मान खाली घालून उभा."

"मग वो?"

"मग काय. मी आत. नऊ दिवसांची बाळंतीण. मारुती मांडीवर. मी म्हटलं, या की आत. शिवा मला, उठवा. सोयरीत कोण येतंय? चौघं बी दारात उभे राहिले, बिड्या वढल्या आणि गेले परत. साहेब आला तवा खोपीत चूल पेटल्याली, बाज, तान्हं पोर. त्यानं लिवून नेलं. त्या लिवण्यावर ही जमीन झाली आमची."

मी भारावून गेले, खरं सांगते. मला वाटलं, देव पावला. जिनं हे भोगलंय तीच दारात येऊन बसलीया. मी तिचे पाय धरले. "आई, मग तुम्ही तरी सांगा लेकाला. तुमच्यासारखीच माझी पोर हाय. एक महिना द्या म्हणावं."

म्हातारीनं चहाचा कप तोंडाला न लावताच खाली ठेवला.

"तेच सांगाया आलोय गं," ती म्हणाली. "उद्या घर सोडा. आमचा पोरगा भ्याला न्हाय, त्याला ठाव हाय. बाळंतीण आत बसली की काय होतंय, हे आमच्यापेक्षा कुणाला जास्त ठाव असणार? दसऱ्याला दर वर्षी आम्ही ही गोष्ट सगळ्या पोरास्नी सांगतोय."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मला वाटलं कप उचलावा आणि भिरकावावा. म्हटलं, "आई, तुम्हाला लाज वाटती का हो? तुम्ही उठला न्हवतासा. तुम्ही नऊ दिवसांच्या होतासा आणि उठला न्हाईसा, म्हणून आज दोन मजली घर हाय तुमचं. आणि माझ्या लेकीनं उठायचं?"

"आमची जमीन होती ती. कसत होतो आम्ही."

"आणि मी बावीस वर्सं भाडं भरतीया, ते काय फुकट झोपतीया व्हय? आणि मागालंय कोण तुमची जागा? सव्वा महिना मागालोय!"

"आम्ही तरी कुठं जमीन मागितली होती सुरवातीला," म्हातारी म्हणाली. काठी टेकली, उठली आणि गेली. लाडू राहिले उंबऱ्यावर. मी ते खाल्ले न्हाईत, खाऊ बी दिले न्हाईत.

सौम्या आतनं सगळं ऐकत होती. ती लहानपणापासनं कमी बोलती, बापावर गेलीया. मी तणतणत होते, भांडी आपटत होते, तर म्हणाली, "आई, बाळ दचकतंय. हळू."

नवव्या दिवशी सकाळी नऊ वाजता मारुतीअण्णा आलाच. एका हातात शेगडी, एका हातात पातेलं, काखेत नव्या कराराची फाईल, खांद्यावर चटई. मी दारात आडवी उभी राहिले.

"न्हाय सोडणार," मी म्हटलं. "काय करायचं ते करा. व्हिडिओ काढा, पोलीस बोलवा, गल्ली गोळा करा. मी बी बघते कोण आत येतंय."

त्यानं सामान अंगणात ठेवलं. आत यायचा त्यानं प्रयत्नच केला न्हाय. सरळ घराच्या बाजूला गेला, टाकीचा कॉक फिरवला. मग मीटरच्या पेटीत हात घातला. आतला दिवा गेला. बाळाला अंघोळ घालायला पाणी तापत ठेवलेलं होतं तेवढंच.

मी काय काय बोलले ते सगळं लिवता येण्यासारखं न्हाय. त्याच्या सात पिढ्या काढल्या. कंपौंडच्या भिंतीवरनं शेजारणी बघाया लागल्या. कोण म्हणालं, "असूंदे की वो अण्णा," कोण म्हणालं, "कायद्याचं काम हाय, आपण कशाला बोला." आणि मारुतीअण्णा फाईल पोटाशी धरून तसाच उभा. मी एक पाऊल पुढं टाकलं की हा एक पाऊल मागं. मी त्याच्यावर एवढी चिडलेली, तरी मला दिसलं, हा माणूस मला भ्यालाय. मी, ब्लाऊजला टीप मारणारी बाई, ह्याचं घर खाणार म्हणून हा मागं सरालाय.

तेवढ्यात माझ्या पाठीमागनं सौम्या बाहेर आली. कानाला स्कार्फ, पोटाला पट्टा, छातीशी गोधडीत गुंडाळलेलं बाळ.

"आई, बाजूला हो."

"येडी झालीस काय? आत जा! वारं लागंल."

"घर रिकामं करून पाहिजे न्हवं मामांना? करू की."

माझं काळीज फाटलं. एवढं भांडून पोर हरली म्हणायची! मी तिचा दंड धरला, तिनं सोडवून घेतला. एका हातानं पोट दाबून धरत, एक एक पाऊल टाकत ती अंगणातनं चालली. मारुतीअण्णानं बाजूला होऊन वाट दिली. लगबगीनं मोबाईल बाहेर काढला, व्हिडिओ चालू केला.

सौम्या गेटकडं वळलीच न्हाय. सरळ चालत म्होरल्या घराच्या दारात गेली. चप्पल काढली. आत गेली. हॉलमध्ये टीव्हीसमोर दिवाण, त्यावर पांढरी भरतकामाची चादर. तिनं बाळाला भिंतीकडनं ठेवलं आणि त्याच्या कडंला हळूच आडवी झाली.

मारुतीअण्णा पळत आला. मी त्याच्या मागनं.

"हे काय? हे काय करालीस?"

"घर रिकामं केलं मामा," सौम्या म्हणाली. धाप लागलेली तिला. "जावा, घाला दूध उतू. मागं तुम्ही झोपा, हितं मी झोपते. एक रातीचा तर प्रश्न हाय."

त्याच्या तोंडावरचा रंग मी बघितला. मागच्या दोन खोल्यांसाठी जेवढा भ्यालता त्याच्या दसपट. बाळंतीण, तान्हं पोर, आणि तेही त्याच्या राहत्या घरात, दिवाणावर. मोबाईल अजून चालूच होता त्याच्या हातात. सगळं त्याच्याच व्हिडिओत आलं.

"उठ पोरी. उठ. असं चालायचं न्हाय. अक्काताई, सांगा की तिला!"

"मी का सांगू? माझ्या लेकीनं तुमचं ऐकलंय," मी म्हटलं.

तो म्हातारीकडं वळला. लक्ष्मीबाई खुर्चीत बसलेली, जागची हलली न्हवती. "आये, तू तरी बोल!"

म्हातारीनं काठीनं सौम्याकडं दाखवलं. मग लेकाला म्हणाली, "तिला आता हात लावून कोण उठवणार? तू?"

तो खालीच बसला. मग उठून बाहेर गेला. मागं आमच्या खोलीत दिवा लागलेला दिसला, टाकीत पाणी पडल्याचा आवाज आला. परत आला, तवा आमच्या दाराला लटकणारी किल्लीची जुडी काढून माझ्यासमोर धरली. "जावा बाई मागं. दूधबिध काय न्हाय. राहा सव्वा महिना."

"आधी लिवा," सौम्या दिवाणावरनंच म्हणाली. "नवा करार आणलाय न्हवं? त्यात लिवा. घर रिकामं करायचं न्हाय. ह्या वर्षी न्हाय, पुढं बी न्हाय. पाणी, लाईट तोडायचं न्हाय. काढायचं असलं तर तीन महिने आधी सांगायचं."

त्यानं लिवलं. फाईल गुडघ्यावर धरून पेनानं लिवलं. मी त्रिशला वकीलबाईला फोन लावून एक एक ओळ वाचून दाखवली, ती म्हणाली, सही घ्या. घेतली. म्हातारीनं साक्षीला अंगठा दिला. कुणी सांगितलं न्हवतं, तिनंच शाई मागितली.

मी बाळाला उचललं. सौम्याला हात देऊन उठवलं. ती उठली आणि मला दिसलं, पांढऱ्या चादरीवर वीतभर लाल डाग. टाका उसवला होता. एवढा वेळ ती तशीच पडून बोलत होती. ओठ पांढरेफटक पडलेले. मी बाळाला शेजारणीकडं दिलं आणि रिक्षा बोलवा म्हणून ओरडले. जिला गाडीत बसवायचं न्हाय म्हणून एवढं भांडले, तिला रिक्षात घालून दवाखान्यात न्यावं लागलं. परत सहा टाके. पंधरा दिवस ती हुंदका सुद्धा जोरात देऊ शकत न्हवती.

जिंकलासा म्हणून शेजारणी सांगत येत्यात. काय जिंकले? दोन खोल्यांत गपगुमान पडून राहायला माझ्या लेकीला रगत सांडावं लागलं, ह्याला जिंकणं म्हणत्यात व्हय?

दवाखान्यातनं आलो त्या संध्याकाळी मारुतीअण्णा दारात आला. मला वाटलं चौकशीला आला असंल, कसं हाय पोरीचं म्हणून. हातात ती चादर, घडी घातलेली.

"एवढी धुवून द्या," तो म्हणाला. "सोयरीची हाय, आमच्या घरात कोण हात लावंना."

मी घेतली त्याच्या हातातनं. धुतली न्हाय आणि दिली बी न्हाय. ट्रंकेत करारावर ठेवलीया. दोनदा मागून गेला. तिसऱ्यांदा ये म्हणावं.